सवडीने पाहावे

१० जानेवारी

आजपासून मी संपादक. कपाटाची किल्ली मिळाली, खुर्ची मिळाली, खुर्चीचा एक पाय आखूड आहे हेही लगेच कळलं. पशुवैद्यकाचं आमचं त्रैमासिक तसं लहानच. पण त्यात छापून यावं म्हणून कॉलेजातले प्राध्यापक धडपडतात आणि गावोगावचे गुरांचे डॉक्टर ते खरंच वाचतात. निवृत्तीनंतर घरात लुडबुड करण्यापेक्षा हे बरं, असं बायकोचं मत. माझंही तेच होतं, पण तिने आधी बोलून दाखवलं.

भाऊसाहेब स्वतः आले होते. ते माझे शिक्षक, कालपर्यंतचे संपादक आणि आता संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी कामाची रीत समजावून दिली. निबंध आला की लेखकाचं नाव झाकून तो दोन परीक्षकांकडे पाठवायचा. त्यांचे अभिप्राय आले की ते तसेच लेखकाला धाडायचे नाहीत. आधी आपण आपल्या भाषेत उतरवून काढायचे, म्हणजे लिहिणारा कोण ते ओळखू येत नाही आणि वाचणाऱ्याचं मन दुखत नाही. "विद्वान माणूस फार नाजूक रे," ते म्हणाले. "गुरं परवडली. गुरं लाथ मारून मोकळी होतात, हे जन्मभर मनात धरतात."

एवढ्या एका युक्तीवर त्यांनी सगळी वर्षं एकही भांडण होऊ दिलं नाही. अजातशत्रू माणूस. मला हे जमेल असं त्यांना वाटतं, म्हणूनच त्यांनी मला निवडलं. आयुष्यात मी कोणाला टाकून बोललो नाही, ही माझी लायकी. ती थोडी आहे असं मला वाटत नाही.

१९ जानेवारी

पहिली कसोटी. आमच्या परीक्षकांत एक बाई आहेत. औषधशास्त्र त्यांच्याइतकं कोणाला येत नाही, पण लेखणी अशी की भाऊसाहेबांनी त्यांचं नाव काटेरी बाई ठेवलंय. त्यांनी एका निबंधावर लिहिलं, "हा निबंध नाही, निबंधाची हाडं आहेत." मी ते असं केलं: "निबंधाची बांधणी सुटसुटीत आहे, थोडा विस्तार झाल्यास अधिक शोभेल." वाचून स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी बायकोला वाचून दाखवलं.

"म्हणजे चांगला आहे का वाईट?" तिने विचारलं.

"वाईट."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली.

मुलीला बाळ व्हायचंय, त्याच्यासाठी स्वेटर चाललाय. अर्धा झालेला तिने उंच धरून दाखवला. मोहरीचा पिवळा रंग, त्यावर हिरवा पट्टा. मी म्हटलं, रंगसंगती धीट आहे. जेवण होईस्तोवर तिने तो सगळा उसवून लोकरीचा गुंडा केला होता. का ते कळलं नाही. मी तर त्याला नावंही ठेवली नव्हती.

२ फेब्रुवारी

माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा निबंध आलाय. शांत, कष्टाळू मुलगा होता. आता कॉलेजात शिकवतो, केस पांढरे व्हायला लागलेत, पण माझ्या लेखी मुलगाच. शेळ्यांमधल्या जंतांवर त्याने काम केलंय. शेवटी तक्ते दिलेत, कोणत्या वयाच्या जनावराला औषध किती पाजायचं त्याचे. गावातल्या डॉक्टरांना हेच हवं असतं. ते प्रस्तावना कधी वाचत नाहीत.

एका परीक्षकाने लिहिलंय, "उत्तम. छापावा." दुसऱ्या अर्थातच काटेरी बाई. त्यांचे शब्द इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मला काय सोसावं लागतं ते पुढे माझं मलाच आठवेल: "तक्ता तीन चुकीचा आहे. मोठ्या शेळीचा हिशोब करडांना लावला आहे. कोवळ्या करडांना ही मात्रा घातक ठरेल. दुरुस्त करून मला पुन्हा दाखवल्याशिवाय छापू नये."

बाईंना 'घातक' शब्द फार प्रिय. मागच्या निबंधात त्यांना स्वल्पविरामांचा वापरही घातक वाटला होता. त्यामुळे त्यातलं किती घ्यायचं हे आपणच ठरवावं लागतं. मी लिहिलं: "तक्ता क्रमांक तीनकडे लेखकांनी सवडीने पुन्हा एकदा पाहावे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते." 'नम्रपणे' ठेवावं का काढावं, यात बराच वेळ गेला. ठेवलं.

११ फेब्रुवारी

त्याचं उत्तर आलं. "सूचनेबद्दल आभारी आहे. तक्ता सवडीने पाहिला. योग्य वाटतो." प्रश्न मिटला.

रीतीने निबंध बाईंकडे परत जायला हवा होता. मनात आलं होतं. पण अंक छपाईला जायचाय, आणि त्या पुन्हा एक पानभर चिडल्या असत्या. शिवाय मुलगा काळजीने काम करणारा आहे, योग्य म्हणतोय तर असेल.

जेवताना म्हटलं, आज आमटीत मीठ जरा लाजलंय. बायकोने मान वर न करता मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली. तिला माणसाच्या मनातलं कळतं.

१६ मार्च

अंक निघाला. मुखपृष्ठावर शेळी. भाऊसाहेबांनी फोन करून शाबासकी दिली, "कुणाची एक तक्रार नाही बघ." दिवसभर हवेत होतो.

६ एप्रिल

आज जे झालं ते लिहायचं म्हणून बसलो आहे आणि पहिलं वाक्यच सुचत नाही.

दुपारी कार्यालयात फोन आला. लांबच्या एका गावात सरकारी दवाखाना चालवणारा डॉक्टर. आवाज तरुण नव्हता आणि चढलेलाही नव्हता.

"संपादक बोलताय का? तुमच्या अंकात शेळ्यांचा निबंध आहे. त्यातला तिसरा तक्ता बघून मी करडांना जंताचं औषध पाजलं. तीन घरची करडं गेली, साहेब."

मी विचारलं, सगळी का?

"पाजली तेवढी सगळी. एक बाई आहे, तिच्याकडे दुसरं काहीच नाही. ती मला काही बोलली नाही. नुसती दारात बसून राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं." मग थांबून तो म्हणाला, "मला एवढंच सांगा, माझं वाचायला चुकलं की तुमचं छापायला?"

मी म्हणालो, "पाहावं लागेल." फोन ठेवला आणि पाहिलं. पाहायला काही वेळ लागला नाही. मोठ्या शेळीचा हिशोब करडांना लावला होता. बाईंनी लिहिलं होतं तेच, तसंच. 

त्याला उलट फोन करून सांगितलं की वाचायला त्याचं चुकलं नाही. तो "बरं" म्हणाला.

७ एप्रिल

सकाळी पहिलं काम म्हणजे सगळ्या वाचकांना फोनवरून सूचना पाठवणं. मी लिहिलं: "तक्ता क्रमांक तीनमधील मात्रांचा अवलंब करताना वाचकांनी योग्य ते तारतम्य बाळगावे." बायको मागे उभी राहून वाचत होती.

"हे वाचून मी औषध पाजू का नको?"

"नको."

"मग तसं लिहा की."

मी 'तारतम्य' काढून 'विशेष दक्षता' घातली. तिने माझ्या हातातून फोन घेतला नाही, पण घेईल असं वाटलं. शेवटी लिहिलं: "तिसरा तक्ता वापरू नका. त्यातल्या मात्रेने करडं मरतात." इतकं उघडं वाक्य मी आजवर कोणाला पाठवलं नव्हतं. पाठवताना अंगावरचे कपडे काढल्यासारखं वाटलं. पाच-सहा डॉक्टरांची लगेच उत्तरं आली की आज पाजणारच होतो, थांबलो. काल दुपारीच पाठवायला हवं होतं. काल मी शब्द शोधत बसलो होतो.

११ एप्रिल

प्रकरण वाढलं. काटेरी बाईंनी संस्थेला पत्र पाठवलंय. त्यांचा मुद्दा असा: मी लेखी इशारा दिला होता, लेखकाने तो धाब्यावर बसवला. इशारा कळूनही जो मुक्या जनावरांच्या जिवाशी खेळतो, त्याचा एक शब्दही पुन्हा छापू नये आणि त्याच्या कॉलेजलाही कळवावं.

विद्यार्थ्याला फोन केला. त्याचा आवाज ओळखू येईना. "सर, चूक माझीच आहे, पण इशारा कसला? मला कोणी इशारा दिलाच नाही. तुमचं पत्र होतं, त्यात 'सवडीने पाहावे' होतं. मी सवडीने पाहिलं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला टोमणा मारता येत नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तक्ता कोणी केला?"

"त्याने."

"मग चूक कोणाची?"

"त्याची. पण भाऊसाहेब, त्याला सांगितलंच गेलं नाही."

"सांगितलंस की. पुन्हा पाहा म्हणालास. आणखी कसं सांगतात?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अभिप्राय गोपनीय असतात. ते कपाटाबाहेर येत नाहीत. शुद्धिपत्रात दोन ओळी टाक, तक्ता तीनमध्ये मुद्रणदोष राहिला. त्याला एखादं वर्ष थांबू दे. बाई शांत होतील. मी माझ्यासाठी नाही म्हणत, संस्थेसाठी म्हणतोय."

उठताना त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली. या धावपळीत माझ्यावर तेवढा तरी भार नको, म्हणाले. अशा वेळीही त्यांना माझी काळजी.

१३ एप्रिल

मन लागत नाही. भाऊसाहेबांचं बोलणं तर्काला धरून आहे. तक्ता मी केला नाही. औषध मी पाजलं नाही. मी फक्त एक वाक्य जरा मऊ केलं, आणि मऊ बोलण्यासाठी आजवर कोणी कोणाला फाशी दिलेलं नाही. मी गप्प राहिलो तर कोणाला काही कळणार नाही. फक्त त्या मुलाच्या कपाळावर जन्मभर शिक्का बसेल की याने माहीत असून करडं मारली.

बायकोला सगळं सांगितलं. बाईंचं वाक्य आणि माझं वाक्य, दोन्ही. तिने सुया खाली ठेवल्या.

"अहो, तुम्ही 'धीट रंग' म्हणालात तेव्हा मी स्वेटर उसवला. का?"

"मलाही तेच कळलं नव्हतं."

"तुम्ही 'धीट' म्हणता तेव्हा ते भयंकर असतं. मीठ लाजलं म्हणजे मीठ घालायला मी विसरलेय. 'पाहावं लागेल' म्हणजे नाही. लग्न झाल्यावर पहिली चार वर्षं मला यातलं काही कळायचं नाही. मग हळूहळू तुमचा कोश पाठ झाला. मी तुमच्याबरोबर राहते म्हणून माझं भागतं. तो मुलगा थोडाच राहतो?"

मी म्हटलं, मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?

"बोलले की. तुम्ही ते मऊ करून ऐकलंत."

सोनारानेच कान टोचावे लागतात. पण दुखायचं ते दुखतंच. रात्री जेवण गेलं नाही, आणि तसं सांगितलंही.

१४ एप्रिल

काटेरी बाईंना भेटून आलो. किल्ली माझ्याकडे नाही, पण त्यांच्या शब्दांना कपाट कशाला हवं, त्या स्वतः आहेत. आजवर त्यांच्याशी फक्त कागदावर गाठ होती. प्रत्यक्षात बुटक्या, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. दवाखान्यात एका कुत्र्याच्या पंजातली काच काढत होत्या. मलाच त्याचं डोकं धरायला लावलं. कुत्र्याचं डोकं धरून मी सगळं सांगितलं. रीत काय आहे, मी काय केलं, लेखकाला काय पोचलं.

 काच निघाली, पट्टी झाली.

"फक्त याच निबंधाचं की सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. पहिल्यापासूनची रीत आहे."

"म्हणजे भाऊसाहेबांच्या वेळीही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटायचं, लोक वाचून दुर्लक्ष करतात. म्हणून मी दरवेळी आणखी कडक लिहायचे. घातक, घातक म्हणून ओरडायचे. आणि तुम्ही दारातच माझं तोंड दाबत होतात."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही. त्या कळू देणाऱ्या नाहीत असं म्हणणार होतो, पण तसं नाही. त्यांना ती घ्यायची असती तर घेतली म्हणाल्या असत्या.

"माझे शब्द छापा," एवढंच म्हणाल्या. "नावासकट छापलेत तरी चालेल. आणि त्या लेखकाबद्दलचं माझं पत्र मी मागे घेते. तक्ता चुकवला हे खरं, पण इशारा डावलला हे खोटं. खोट्यावर माझी सही नको."

२१ एप्रिल

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानासाठी निवेदन लिहिलं. कितीदा लिहिलं ते सांगत नाही. दर वेळी कुठून तरी 'अनवधानाने' आत शिरत होतं. शेवटचं असं आहे:

"मागच्या अंकातला शेळ्यांच्या जंतांवरचा निबंध आम्ही मागे घेत आहोत. त्यातला तिसरा तक्ता चुकीचा आहे. त्याप्रमाणे औषध पाजल्याने करडं मेली. एका परीक्षकांनी छापण्याआधी स्पष्ट लिहिलं होतं: 'कोवळ्या करडांना ही मात्रा घातक ठरेल.' ते वाक्य मी लेखकाला पाठवलं नाही. त्याऐवजी 'सवडीने पाहावे' असं लिहिलं आणि दुरुस्तीची खात्री न करता निबंध छापला. तक्त्याची चूक लेखकाची आहे. इशारा न पोचवण्याची चूक माझी आहे. यापुढे परीक्षकांचे अभिप्राय त्यांच्याच शब्दांत लेखकांना जातील."

भाऊसाहेबांना दाखवायला गेलो. त्यांनी दोनदा वाचलं.

"'मी' कशाला? 'कार्यालयाकडून' लिही. नाहीतर 'राहून गेले' म्हण. कोणाकडून ते कशाला सांगायचं?"

"भाऊसाहेब, तेच तर आपण करत आलो."

"आपण?" ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापरा झाला. "या शेवटच्या वाक्याचा अर्थ लोक काय लावतील, कळतंय तुला? यापुढे म्हणजे याआधी नाही. माझी सगळी वर्षं त्या एका शब्दात गेली."

मला ते सुचलंच नव्हतं, खरंच. मी क्षणभर पेन काढलं. 'यापुढे' काढला असता तर त्यांचं समाधान झालं असतं. त्यांनीच मला शिकवलं, लग्नात माझ्या बाजूने उभे राहिले, खुर्ची दिली. मग फोनवर ऐकलेली त्या गावातली बाई आठवली, दारात काही न बोलता बसलेली. पेन परत खिशात ठेवलं.

"किल्ली ठेवा तुमच्याकडे," मी म्हटलं. "निवेदन छापलं नाहीत तर बाई त्यांच्याकडून छापतील, आणि मी खाली सही करेन."

निघताना ते "सांभाळून जा" म्हणाले नाहीत. नेहमी म्हणतात. रस्ताभर मला लहान मुलासारखं रडू येत होतं.

१८ जून

अंक निघाला. निवेदन पहिल्या पानावर आहे, पूर्ण. भाऊसाहेबांनी ते अडवलं नाही, आणि फोनही केला नाही. वर्षअखेरीला मी खुर्ची सोडावी असं संस्थेने कळवलंय, अत्यंत मऊ भाषेत. वाचून हसू आलं. कोश आता मलाही यायला लागलाय. तोवर अभिप्राय आहेत तसे जातील. रीत बदलली त्या पहिल्या आठवड्यातच दोन लेखक चिडून भांडून गेले आणि तिसऱ्याने पूर्ण प्रयोग नव्याने करायला घेतला.

संध्याकाळी माझा विद्यार्थी घरी आला. आधी अंक काढून त्याने बाईंचं ते वाक्य वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"हे वाचलं असतं तर सर, मी त्याच दिवशी सगळी आकडेमोड परत केली असती."

"हो," मी म्हटलं. 

मग त्याने एक कागद पुढे केला. उद्या तो त्या गावाला जाणार आहे, त्या तीन घरी. तोंडाने बोलता येईलच असं नाही म्हणून पत्र लिहून घेतलंय. "सर, जरा बघता का, कसं झालंय?"

पहिला परिच्छेद चांगला होता. दुसऱ्यात लिहिलं होतं की सूचना मिळाल्यावर मी तक्ता बारकाईने तपासला होता, तरीही चूक राहून गेली. मी तिथे थांबलो. जिभेवर आलं होतं, हा परिच्छेद थोडा पुन्हा पाहिलास तर. आतल्या खोलीत सुयांचा आवाज थांबला होता.

"बारकाईने तपासला होतास?"

तो खाली बघत राहिला. "नाही सर. सवडीने म्हणालात, म्हणजे फार महत्त्वाचं नसेल असं वाटलं. वरवर पाहिला."

"मग दुसरा परिच्छेद खोटा आहे," मी म्हटलं. "काढ तो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याला असं कधी बोललो नव्हतो, वर्गातही नाही. मला वाटलं कागद घडी करून उठेल. त्याने पेन मागितलं. मी दिलं. त्याने परिच्छेद खोडला आणि त्याच्या जागी एकच ओळ लिहिली: मी तपासलं नाही.

"बाकीचं?" त्याने विचारलं.

"बाकीचं चांगलं आहे," मी म्हटलं, आणि त्याने ते खरं मानलं.